चेहरे उरले, नावे हरवली

श्राद्धविधीत कर्त्याला तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागतात. पिता, पितामह, प्रपितामह. त्याचप्रमाणे माता, पितामही, प्रपितामही. गुरुजी विचारतात, आणि पणजीच्या नावाशी येऊन यजमान अडखळतो, हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे. पूर्वजांचे स्मरण हे कुटुंबाचे कर्तव्य आहे आणि स्मरणाला नाव लागते, ही जाण या विधीमागे आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनी याच जाणिवेने घराण्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी परिश्रमपूर्वक कुलवृत्तांत सिद्ध केले, तेही याच भावनेतून. या सर्व साधनांत नाव होते, गाव होते, नाते होते. नव्हता तो चेहरा. पणजोबांचा बांधा कसा होता, पणजीचे डोळे कोणत्या नातीने घेतले, हे सांगणारी माणसे गेली की पूर्वजाचे रूपही त्यांच्याबरोबर जात असे.

छायाचित्राने ही उणीव भरून काढली. काळाच्या ओघात नाहीसा होणारा चेहरा कागदावर धरून ठेवण्याचे सामर्थ्य सामान्य कुटुंबाच्या हाती आले. परंतु या सामर्थ्याचे पुढे काय झाले, हे पाहायचे असेल तर कोणत्याही जुन्या घरातील माळ्यावरची ट्रंक उघडावी. पुठ्ठ्यावर चिकटविलेली, कडा कुरतडलेली छायाचित्रे तीत सापडतात. पागोटे घातलेले, हातात काठी घेतलेले गृहस्थ कोण? शेजारी नऊवारीतील, नथ घातलेली, कॅमेऱ्याकडे बघताना अवघडलेली स्त्री कोण? मांडीवरचे मूल पुढे जगले की नाही? ‘असतील कोणीतरी आपल्यापैकीच’, एवढेच उत्तर मिळते. पूर्वी नाव होते, चेहरा नव्हता. आता चेहरा आहे, नाव नाही. आणि ज्या पिढीच्या खिशात चोवीस तास कॅमेरा आहे, त्या पिढीच्या बाबतीत तर नावाबरोबर चेहराही हरवण्याची शक्यता निर्माण झाली आहे. कौटुंबिक छायाचित्र हा हौसेचा नव्हे, तर कुटुंबाच्या दप्तराचा विषय आहे, हे भान हरपल्याचा हा परिणाम होय.

स्टुडिओ नावाची संस्था

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रण पद्धतीची माहिती जगापुढे आली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीचा व्यवसाय करणारे गृहस्थ त्या काळी उत्तम छायाचित्रकार म्हणून ओळखले जात. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. ही विद्या परकीय होती. परंतु ती आत्मसात करून तिच्यावर स्वतःचा ठसा उमटविण्यास या देशातील माणसांनी विलंब लावला नाही.

लाला दीनदयाळ (१८४४ ते १९०५) यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले पाहिजे. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि इंदुरात सरकारी नोकरी केलेले दीनदयाळ पुढे निजामाचे छायाचित्रकार झाले. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. त्यापूर्वी, १८९२ मध्ये, हैदराबाद संस्थानात त्यांनी केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला होता आणि त्याची सूत्रे एका स्त्रीकडेच सोपविली होती. पडद्यातील स्त्रीचेही चित्र राहिले पाहिजे, आणि ते तिची मर्यादा राखून काढले गेले पाहिजे, हा विचार त्या काळात करणारा माणूस नुसता व्यापारी नव्हता.

पुढे चित्रपटमहर्षी म्हणून कीर्ती मिळविणारे धुंडिराज गोविंद फाळके यांनीही आरंभीच्या काळात गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला. प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले आणि त्यांना गोध्रा सोडावे लागले. बडोद्यात त्यांनी पुन्हा जम बसविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे मृत्यू ओढवतो, ही समजूत आड आली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. फोटो काढल्याने आयुष्य घटते, ही समजूत पुढेही कित्येक वर्षे खेड्यापाड्यांत टिकून होती. ती दूर झाली ती गावोगावच्या छोट्या स्टुडिओंमुळे.

विसाव्या शतकात तालुक्याच्या प्रत्येक गावी एखादा तरी स्टुडिओ असे. रंगविलेला पडदा, त्यावर बाग किंवा राजवाड्याचा जिना, पुढे एक तिवई, तिच्यावर फुलदाणी, आणि काळ्या कापडाखाली डोके घालून उभा असलेला छायाचित्रकार. तेथे जाणे हा घरातील एक समारंभच असे. दिवस ठरे. ठेवणीतले कपडे निघत. वडीलधारी माणसे खुर्चीवर, कर्ती माणसे व सुना मागे उभ्या, मुले पुढे सतरंजीवर, ही रचना जणू कुटुंबाची वंशावळच असे. एका चित्राला पैसे पडत, म्हणून ते विचारपूर्वक काढले जाई. आणि विचारपूर्वक काढले म्हणून चौकटीत बसवून भिंतीवर लागे. लग्न ठरविण्यासाठी पाठविलेला मुलीचा फोटो, मुंजीतील बटूचा फोटो, नोकरीनिमित्त मुंबईस निघालेल्या मुलाचा आईवडिलांसमवेत फोटो, अशा टप्प्याटप्प्यांनी कुटुंबाचा इतिहास आपोआप लिहिला जात होता.

या इतिहासात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचेही स्मरण प्रामाणिकपणे केले पाहिजे. आलवणातील विधवा आत्या किंवा काकू घराचा भार आयुष्यभर वाहत राहिल्या, अनेक मुले त्यांच्या हातांखाली मोठी झाली; पण कुटुंबाच्या सामूहिक चित्रात त्या क्वचितच दिसतात. त्या वेळच्या रूढीने त्यांना शुभप्रसंगातून बाजूला ठेवले आणि त्यामुळे त्यांचे चेहरेही गेले. ज्याला चित्रात बसविले नाही, तो पुढच्या पिढीच्या लेखी जन्मलाच नाही, एवढी या गोष्टीची किंमत आहे.

चित्राला बोलके करते ते नाव

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचे एकत्र छायाचित्र काढले गेले. प्रत्येकीने आपापल्या देशाचा वेष परिधान केला होता. त्यांतील एक होत्या आनंदीबाई जोशी, दुसऱ्या जपानच्या केई ओकामी आणि तिसऱ्या सीरियाच्या सबात इस्लामबुली. हे छायाचित्र आज जगभर ओळखले जाते, फिलाडेल्फियातील अभिलेखागारात ते जपून ठेवले आहे. त्याखाली तिघींची नावे, त्यांची गावे व देश लिहून ठेवलेले आहेत. ती ओळ नसती तर काय उरले असते? निरनिराळ्या वेषांतील तीन अनोळखी तरुणी. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाईंचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे २१ होते. त्यांचे कर्तृत्व सांगणारे हे चित्र आज बोलते, ते कोणीतरी वेळीच लेखणी उचलली म्हणून.

याच्या नेमके उलट उदाहरण झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे आहे. २००९ च्या सुमारास १८५० मधले म्हणून एक छायाचित्र राणीसाहेबांचे आहे, असे सांगत सर्वत्र फिरू लागले. अभ्यासकांनी त्याच्या सत्यतेविषयी गंभीर शंका घेतल्या. राणीचे निर्विवाद अस्सल असे छायाचित्र उपलब्ध नाही. विश्वसनीय नोंद नसलेल्या चित्राखाली कोणीही कोणाचेही नाव घालू शकतो. राष्ट्राच्या इतिहासात जे घडते, तेच लहान प्रमाणात घराच्या इतिहासात घडते. पणजोबांचे म्हणून ज्याला हार घातला जातो, तो फोटो प्रत्यक्षात त्यांच्या धाकट्या भावाचा असू शकतो.

या बाबतीत शाळांनी आणि कचेऱ्यांनी घरांपेक्षा अधिक शहाणपण दाखविले. मॅट्रिकच्या वर्गाचा किंवा बँकेच्या शाखेतील कर्मचाऱ्यांचा सामूहिक फोटो पाहावा. ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’, ‘उभे, पहिली रांग’, असे म्हणत प्रत्येकाचे नाव खाली छापलेले असते. वर्ष असते, स्थळ असते. म्हणूनच सत्तर वर्षांपूर्वीच्या वर्गातील चौथ्या मुलाचे नाव आजही सांगता येते. घरातल्या फोटोखाली मात्र नावे नाहीत, कारण काढताना प्रत्येकाला वाटले की ही तर आपलीच माणसे, ती कोण विसरणार? विसरायला दोन पिढ्या पुरतात.

मराठी घरांत यात आणखी एक अडचण आहे. विवाहप्रसंगी तांदळात नाव लिहून वधूचे नाव बदलण्याची पद्धत अनेक समाजांत होती. आनंदीबाई माहेरच्या यमुना होत्या. त्यामुळे एकाच स्त्रीचे माहेरच्या संग्रहातील नाव वेगळे आणि सासरच्या संग्रहातील वेगळे असते. दोन्ही घरांतील फोटो समोरासमोर ठेवले तरी ती एकच व्यक्ती आहे, हे नातवंडांना उमगत नाही. म्हणून स्त्रियांच्या फोटोमागे माहेरचे व सासरचे, अशी दोन्ही नावे आणि दोन्ही गावे लिहिली गेली पाहिजेत. कुलवृत्तांतकारांनी हे कष्ट घेतले. प्रत्येक घरानेही ते घ्यावेत.

विपुलता आणि विस्मृती

यावर आजची तरुण पिढी म्हणेल की, आता स्टुडिओची गरजच काय? प्रत्येक वाढदिवसाचे शेकडो फोटो मोबाइलमध्ये आहेत. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मोबाइलने छायाचित्रण गरिबाच्या घरात नेले. पूर्वी ज्या घरात पिढीला एकच फोटो होता, त्या घरातील बाळाचे पहिले पाऊल आज टिपले जाते. हा लाभ मोठा आहे.

परंतु साठा आणि संग्रह यांत अंतर आहे. धान्याची रास पडली म्हणजे कोठार भरले असे होत नाही. हजारो फोटोंतून निवड कोणी केलेली नसते, कागदावर एकही उतरलेला नसतो, आणि ते सारे एका यंत्रात, एका गुप्तसंकेताच्या कुलपाआड असतात. यंत्र पडले, चोरीस गेले, किंवा संकेत जाणणारी व्यक्तीच निवर्तली, की कोठाराचे दार कायमचे बंद. ऑर्कुट या संकेतस्थळाने एके काळी तरुणांना वेड लावले होते. ते २०१४ मध्ये बंद झाले. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. लग्नाच्या ध्वनिचित्रफिती आणि तबकड्या कपाटात आहेत, पण त्या लावण्याचे यंत्र घरात नाही. व्हॉट्‌सॲपवरून आलेला फोटो साधारणपणे आकुंचित होऊन येतो. तो मोठा करून भिंतीवर लावायला गेले की चेहरा विरघळतो. याउलट नीट प्रक्रिया केलेला कृष्णधवल फोटो शंभर वर्षांनंतरही स्वच्छ दिसतो. त्याला वीज लागत नाही, संकेत लागत नाही. पाहणाऱ्याचे डोळे पुरतात.

या विपुलतेतील दारिद्र्य एका प्रसंगी उघडे पडते. घरातील वडीलधारी व्यक्ती जाते. वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यायची असते, तेराव्याला फोटो ठेवायचा असतो, आणि धावपळ सुरू होते. मुलांचे, नातवंडांचे, सहलींचे, जेवणाच्या ताटांचेसुद्धा फोटो निघतात. आजोबांचा एकट्याचा, समोरून काढलेला, शांत मुद्रेचा फोटो निघत नाही. शेवटी कोणाच्या तरी लग्नातील घोळक्यातून चेहरा कापून काढला जातो, नाहीतर आधार कार्डावरचा फोटो मोठा केला जातो. ऐंशी वर्षे जगलेल्या, घर उभे केलेल्या माणसाची घरातील अखेरची प्रतिमा म्हणून ओळखपत्रावरील छबी लागते. यात पैशाचा अभाव नसतो, अगत्याचा असतो.

कसब आणि उत्तरदायित्व

व्यावसायिक छायाचित्रकाराचे मोल येथे कळते. चांगला छायाचित्रकार प्रकाश असा योजतो की सावळा चेहरा काळवंडत नाही आणि चष्म्याच्या काचा चमकत नाहीत. दहा माणसांच्या रांगेत कडेच्या माणसाचे तोंडही तो सुस्पष्ट ठेवतो. थकलेल्या आजींना ताठ बसता येत नसेल, तर पाठीशी उशी कशी द्यावी, हे त्याला ठाऊक असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो कुटुंबाबाहेरचा असतो, म्हणून कुटुंबातील प्रत्येक जण चित्रात येतो. घरगुती फोटोंत नेहमी कोणीतरी एक गैरहजर असतो. फोटो काढणारे वडील नसतात. पंगतीची वाढणी बघणारी आई नसते. आजारी म्हणून आतल्या खोलीत ठेवलेले आजोबा नसतात. जुन्या काळी रूढीने माणसे चित्राबाहेर ठेवली. आज ती दुर्लक्षाने राहतात.

विवाहसमारंभाच्या छायाचित्रणावर मध्यमवर्गीय कुटुंबेही आता सढळ हाताने खर्च करतात. विवाहापूर्वीचे वधूवरांचे रम्य स्थळी काढलेले फोटो, आकाशातून घिरट्या घालणारा ड्रोन, जाडजूड अल्बम. त्यात दोन्ही घरांतील सर्व आजी-आजोबांना एकत्र बसवून काढलेला एक निवांत फोटो किती जण आवर्जून काढवून घेतात? त्या खर्चाचा अल्पसा अंश कुटुंबाच्या वार्षिक चित्रासाठी बाजूला काढला, तर कोणत्याही घराला तो जड जाणार नाही.

छायाचित्रकाराशी व्यवहारही नीट करावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, उलट करार नसेल तर, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामित्वहक्क ते काढवून घेणाऱ्याचा असतो. तेव्हा मूळ आकाराच्या संगणकीय प्रती मागून घेण्यात संकोच नसावा. ‘स्टुडिओत असतीलच’ या भरवशावर राहू नये. कोलकात्याच्या बोर्न अँड शेपर्ड या विख्यात स्टुडिओला १९९१ मध्ये आग लागली आणि जुन्या निगेटिव्हांचा मोठा ठेवा भस्मसात झाला. २०१६ मध्ये तो स्टुडिओच बंद झाला. एवढ्या नामांकित संस्थेची ही गत, तर गावातील लहान दुकानाने ग्राहकांचा ठेवा किती काळ सांभाळावा?

जपणुकीची साधी रीत

असलेल्या फोटोंची जपणूकही तितकीच निकडीची आहे. १९७०-८० च्या दशकांतील रंगीत फोटो तांबूस पडत चालले आहेत, कारण त्या काळच्या कागदावरील निळसर रंगद्रव्य अंधारातही फिके पडते. काचेला टेकून बसविलेला फोटो कोकणच्या दमट हवेत काचेलाच चिकटतो. चिकट पानांच्या अल्बममधील गोंद फोटो खराब करतो. पानशेतचा १९६१ चा पूर, मुंबईची २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी, सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा आणि चिपळूण-महाडचा २०२१ चा पूर, अशा प्रत्येक आपत्तीत खालच्या मजल्यावरील कपाटांबरोबर कुटुंबांच्या स्मृतीही पाण्यात गेल्या.

उपाय अवघड नाहीत. फोटो माळ्यावर किंवा ओलीच्या भिंतीलगत न ठेवता कोरड्या, मधल्या खोलीत ठेवावेत. काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट असावी. जुन्या लहान फोटोंच्या मोठ्या आकारमानाच्या संगणकीय प्रती करून घ्याव्यात आणि त्यांतील एक संच दुसऱ्या गावी, भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवावा. मूळ फोटो मात्र टाकून देऊ नयेत. जुन्या कागदी फोटोमागे मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता, कडेला लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तेव्हा वेगळ्या कागदावर रांगेनुसार नावे लिहून तो कागद फोटोसोबत ठेवावा. नाव, नाते, स्थळ, वर्ष आणि प्रसंग एवढ्या पाच गोष्टी पुरेत.

नवे चित्र काढण्यासाठी मुहूर्त शोधण्याचीही गरज नाही. गणपतीत वा दिवाळीत मुले-सुना-जावई घरी येतात. परदेशी असलेली मुले वर्षा-दोन वर्षांनी येतात. षष्ठ्यब्दीपूर्ती आणि सहस्रचंद्रदर्शन हे सोहळे तर यासाठीच आहेत. गावातील छायाचित्रकाराला तासभर घरी बोलवावे. एक चित्र संपूर्ण कुटुंबाचे, एक वृद्ध दांपत्याचे, आणि घरातील प्रत्येक ज्येष्ठाचे एकट्याचे. ते कागदावर छापून घ्यावे आणि खाली शाळेच्या फोटोप्रमाणे नावे लिहावीत.

जुन्या ट्रंकेतील फोटोंचे काम मात्र सणापर्यंत थांबणारे नाही. त्यांतील चेहरे ओळखणारी व्यक्ती बहुतेक घरांत आता एकच उरली आहे. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे, तिची नजर मंदावली आहे, आणि तिला कोणी विचारत नाही म्हणून ती सांगत नाही. येत्या रविवारी नातवंडांनी ती ट्रंक खाली काढावी, भिंग आणि पेन्सिल घेऊन आजींच्या शेजारी बसावे, आणि एकेक फोटो त्यांच्या हाती द्यावा. त्या सांगतील ते तसेच्या तसे मागे लिहावे. दहा फोटोंवर नावे चढली, तरी दहा माणसे त्या घरात परत आली.